हिरालालचं विमान

माझ्या बायकोला हे माहीत नाही. भावाला नाही, माझ्याबरोबर शिकवणाऱ्या मास्तरांना नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा हा विषय मी टाळतो — म्हणजे बघा, देवालाही मी अर्धवटच सांगतो. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. त्याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

पाचोऱ्याच्या जरा बाहेर माझी भरती अकॅडमी आहे. पोलीस, सैन्य, हवाई दल — तिन्हीची तयारी करून घेतो. फाटकावर मोठा बोर्ड आहे. त्यावर गणवेशातला मी, माझ्यामागे तिरकी उडणारी दोन लढाऊ विमानं आणि खाली पिवळ्या अक्षरांत — ‘शत्रूची बॉम्बर विमाने परतवून लावणारे सर’. बोर्डवाल्याने विचारलं होतं, सर, खाली काय टाकू? मी सांगितलं. शब्दन् शब्द मी सांगितला, त्याने फक्त रंग निवडला. रोज सकाळी मी त्याखालून आत जातो आणि रोज मला स्वतःची शिसारी येते. आणि तरीही, पावसाळा संपला की तो बोर्ड मी घासून पुसून घेतो. ही माझी शिसारी! किती खरी असेल, तुम्हीच बघा.

आधी एक गोष्ट सांगतो. मी वैमानिक नव्हतो. बोर्ड बघून लोकांना तसं वाटतं आणि मी ते वाटू देतो. मी रडारवर होतो. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसायचं, पडद्यावर ठिपके सरकतात ते बघायचे आणि अनोळखी ठिपका सीमेकडे येताना दिसला की ताबडतोब वर कळवायचं. कळवलं की मग लढाऊ विमानं उडतात आणि आलेल्याला बाहेरच गाठतात. एवढंच काम. कुठल्या तळावर होतो ते सांगणार नाही, कारण ते सांगायचं नसतं अशी आम्हाला शिकवण आहे. एवढी एक शिकवण मी पाळली.

तिथे माझ्याबरोबर हिरालाल होता. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावचा. शेकडो लोकांच्या तळावर आम्ही दोघंच अहिराणी बोलणारे. माणूस परमुलखात असला की आपली बोली बोलणारा दुसरा भेटणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. सख्खा भाऊ झाला तो माझा. हे लिहिताना मला लाज वाटते — सख्खा भाऊ म्हणे!

त्या दिवशी रविवार होता. सुट्टीवरून येताना हिरालालने घरची भरताची वांगी आणली होती, ती हिरवीगार, मोठाली. बराकीमागे काटक्या पेटवून त्याने सकाळपासून भरताचा घाट घातला होता. मी ड्यूटीवर, रविवार म्हणून खोलीत एकटाच. दुपारी माझी पाळी संपून त्याची सुरू होणार होती.

आता इथे मी नेहमी सांगतो तो भाग येतो. शाळांमध्ये, पंधरा ऑगस्टला, नव्या बॅचसमोर — ‘पडद्यावर मला एक ठिपका दिसला, माझ्या अंगावर काटा आला, मी क्षणाचाही विलंब न लावता...’ पोरं श्वास रोखून ऐकतात. टाळ्या पडतात.

खरं काय झालं?

ठिपका मला दिसला होता. दिसलाच नाही असं नाही — तसं असतं तर निदान आंधळेपणावर ढकलता आलं असतं. दिसला, आणि मी कळवला नाही. काही दिवसांपूर्वी मी असाच एक ठिपका घाईघाईने कळवला होता आणि तो निघाला पक्ष्यांचा थवा. सगळी खोली हसली होती. जेवणाच्या रांगेत लोक माझ्याकडे बघून हात पंखांसारखे हलवायचे. ते मला इतकं लागलं होतं की या वेळी मी मनात म्हटलं, असेल एखादं प्रवासी विमान, वाट चुकलेलं. थांबू जरा. बघू. सीमेचं रक्षण करायला बसवलेला माणूस मी, आणि मला भीती कशाची? तर कुणी हसेल याची.

तेवढ्यात हिरालाल आला, पाळीच्या आधीच. मला गरम भरीत खायला मिळावं म्हणून. त्याने माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं, मला एक शब्द विचारला नाही, हात पुढे करून बटण दाबलं आणि दिशा, उंची, वेग सगळं सांगून मोकळा झाला. थोड्याच वेळात बाहेर जो आवाज झाला त्याने भिंती थरथरल्या. आमची दोन विमानं उडाली होती. मग आम्ही दोघं पडद्यावर बघत राहिलो. आमचे दोन ठिपके त्या ठिपक्याकडे जात होते. जवळ गेल्यावर आमच्या वैमानिकांनी कळवलं की तीसुद्धा दोन आहेत, परदेशी, बॉम्ब टाकणारी, अवजड. सीमा जवळ येत होती. आमची विमानं त्यांच्या शेजारी जाऊन भिडली आणि थोडा वेळ सगळे ठिपके बरोबरीने सरकत राहिले. मग ती मोठी विमानं वळली. आल्या वाटेने निघून गेली. गोळी सुटली नाही, काही नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर? तो विचार मी आजही पूर्ण करत नाही.

साहेब धावत आत आले. “किसने पकड़ा?” त्यांनी विचारलं.

मी पडद्यावरची नजर काढली नाही. हिरालाल म्हणाला, “सर, इन्होंने.”

पाळी त्याच्या हाती देऊन निघताना मी दाराशी काहीतरी पुटपुटलो, तर तो म्हणाला, “मी देखं म्हनसू ते तुले इचारतीन, तू काय करी ऱ्हायंता. जाऊ दे भो. आपला दोन्हीसमा काय तुनं-मनं? जाय, भरीत थंडं व्हई ऱ्हायनं.”

त्याने पाहिलं म्हटलं असतं, तर मी काय करत होतो हे मला विचारलं असतं, म्हणून. आणि मी गेलो. दोन भाकरी जास्तच खाल्ल्या.

पुढे सगळ्या तळासमोर मला उभं करून शाबासकी दिली, छातीवर बिल्ला लावला. हिरालाल रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. इथपर्यंत तुम्ही मला माफही कराल कदाचित. मित्राने वाचवलं, मी वाचलो. पण मी इथे थांबणारा माणूस नाही.

आमच्याकडे फौजी निवृत्त होऊन आला की गाव त्याची मिरवणूक काढतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. उघडी जीप, डीजे, गुलाल, चौकाचौकात बॅनर. माझी निघाली तेव्हा सरपंचांनी माइकवर विचारलं, सर, एखादा प्रसंग सांगा. मी सांगितला. हिरालालचा प्रसंग मी माझा म्हणून सांगितला आणि सांगताना जरा रंगवलासुद्धा. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. त्याच जोरावर अकॅडमी निघाली. तो बोर्ड आला. मग जाहिरातीची पोस्टरं जळगावात लागली, धुळ्यात लागली, आणि शिरपूरच्या एसटी स्टँडवरही लागली.

तिथे ते पोस्टर हिरालालच्या गावकऱ्यांनी पाहिलं. तोही तोवर निवृत्त होऊन शेती बघत होता. पारावर कुणीतरी विचारलं, काय रे, तूही तिथेच होतास ना? आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, फक्त एकदा, तो म्हणाला, ते विमान मी पाहिलं होतं.

संपलं. गाव हसलं. पोस्टरवर फोटो दुसऱ्याचा आणि हा म्हणतो मी! त्याचं नावच पडलं — रडार. “काय रे रडार, आज पानी दिसस का?” हरवलेली शेळी असो की न आलेली एसटी, सगळं त्याला विचारायचे. हे मला त्यानेच फोनवर हसत हसत सांगितलं. मीही हसलो. एक वाक्य बोललो असतो — गावात येतो, लोकांना खरं सांगतो — तर काय बिघडलं असतं? अकॅडमी बिघडली असती. मी विषय बदलला आणि कपाशीचं विचारलं. त्यानंतर त्याचे फोन कमी झाले.

मग तो गेला. हायवेवर मोटारसायकलला ट्रकने उडवलं.

मी गंधमुक्तीला गेलो, दहा-बारा दिवसांनंतरच्या कार्याला. मांडव होता, हार घातलेला फोटो होता, आणि रीतीप्रमाणे एकेक जण माइकवर श्रद्धांजलीचं बोलत होता. सूत्रसंचालन करणाऱ्याने माझं नाव पुकारलं तेच ‘शत्रूची विमाने परतवून लावणारे सर’ म्हणून. हिरालालच्या फोटोसमोर! मी उठलो. शिस्त, देशसेवा, मनमिळाऊ स्वभाव असलं काहीबाही बोललो आणि खाली बसलो.

तेव्हा त्याचे वडील उठले. सगळे त्यांना आबा म्हणतात. सत्तरी केव्हाच ओलांडलेले, कमरेत वाकलेले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आजूबाजूला पारावरची तीच मंडळी बसली होती. आबांनी विचारलं, “भाऊ, तू तठे व्हता. खरं सांग. मना पोऱ्यानी ते इमान देखं व्हतं का?”

माझ्या अकॅडमीतली दोन-चार पोरं त्याच भागातली, तीही तिथे होती. एक ‘हो’ पुरे होतं. हो, आबा. दोन शब्द. त्या म्हाताऱ्याला बाकी काही नको होतं, आपलं पोर खोटारडं नव्हतं एवढंच ऐकायचं होतं.

मी म्हणालो, “आबा, त्या दिवशी हिरालाल सुट्टीवर होता.”

नुसतं ‘नाही’ही म्हणालो नाही. कुणी मागितलेलं नसताना मी त्याला त्या खोलीतूनच काढून टाकलं, म्हणजे शंकेला जागा नको. बोलताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. भाषणांची सवय, दुसरं काय.

आबांनी हात जोडले. मला! “माफ करज्यात भाऊ,” ते म्हणाले. आता ‘तू’ म्हणत नव्हते. “मना पोऱ्या खोटं बोलना. तो गया, तेना राग धरू नका.”

आणि मी — हे वाचून तुम्ही थुंकलात तरी चालेल — मी त्यांचे जोडलेले हात हातात घेतले आणि म्हणालो, असू द्या आबा, माझ्या मनात काही नाही. मी माफ केलं! ज्याने मला वाचवलं त्याला, त्याच्याच मांडवात, त्याच्याच बापासमोर मी उदार मनाने माफ केलं. लोकांनी माना डोलावल्या. किती मोठा माणूस, असं कुणीतरी मागे म्हणालंसुद्धा. मग मी जेवलो. वरण-बट्टी होती. वाढणाऱ्याने आग्रह केला तेव्हा मी नाही म्हणालो नाही.

याच वर्षी उन्हाळ्यात आबा एसटीने पाचोऱ्याला आले. बरोबर हिरालालची मुलगी सुनीता. बारावी झालेली, धावायला वाऱ्यासारखी, हवाई दलात जायचं म्हणते. आबांनी बोर्डाकडे मान वर करून पाहिलं, खिशातून रुमाल काढून घाम पुसला आणि मला म्हणाले, “हाई पोर आते तुमना हवाली. हिना बाप खोटं बोली गया. हिले खरं बोलाले शिकाडा.”

मी हो म्हणालो. फी माफ केली. फी माफ केल्याने त्या रात्री मला झोप लागली, हे सांगायला मला सगळ्यात जास्त किळस वाटते.

ते विमान हिरालालने पाहिलं. मला दिसलं होतं आणि मी हसण्याला भिऊन गप्प बसलो. तो त्या दिवशी सुट्टीवर नव्हता, तो माझ्या पाठीशी उभा होता. आबा अजून आहेत, ऐकू चांगलं येतं त्यांना. पाचोऱ्याहून शिरपूरला जायला सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचता येतं. मी गेलेलो नाही.

गेल्या शनिवारी नव्या बॅचसमोर मी तो प्रसंग पुन्हा सांगितला. सुनीता पुढच्या रांगेत मांडी घालून बसली होती. सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या. नंतर मैदानावर बुटांच्या नाड्या बांधताना एका मुलीने तिला विचारलं, तुझे पप्पा पण एअर फोर्समध्येच होते ना? मी चार पावलांवर उभा होतो. सुनीताने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग खाली मान घालून ती म्हणाली, “होते. पण ते काही विशेष नव्हते.”

मी शिट्टी वाजवली आणि पुढची फेरी सुरू करायला सांगितली.