बढतीचा नवस

मी मॅट्रिक झाले त्याच वर्षी बाबा कचेरीत हेडक्लार्क झाले. वाढीव पगार हातात आला की रत्नागिरीच्याच कॉलेजात माझं नाव घालायचं, असं घरात ठरलं होतं. बढती मिळालेल्याला नव्या जागेचा पगार द्यायचाच, असा नियम होता. मी तर मनातल्या मनात कॉलेजात जाऊन बसलेच होते.

घोळ आईनं घातला. बाबांचा पगार वाढावा म्हणून ती ग्रामदेवाला नवस बोलली होती. बढतीचा हुकूम आला आणि तिला दम निघेना.

"अगो, पगार हातात तरी येऊ दे," बाबा म्हणाले.

"नवस तुंबवून ठेवू नये," ती म्हणाली. झालं, पुढच्याच सोमवारी आम्ही देवळात. बाबांनी हौसेनं अख्खी कचेरी बोलावलेली, साहेबसुद्धा आले. गुरवानं नारळ हातात धरून खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराला बढती दिलंस, पगार वाढवलंस, आज तो तुजा नवस फेडतोय, तो मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. साहेबही ओरडले.

पहिल्या महिन्याला जुनाच पगार आला. दुसऱ्यालाही तोच. काम मात्र नव्या जागेचं, मान मोडेपर्यंत. शेवटी बाबांनी धीर करून विचारलं, तेव्हा साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "अहो, पगार वाढला म्हणून देवळात नारळ फोडलात, मी स्वतः प्रसाद खाल्ला. आता वाढला नाही म्हणता?" कचेरी खो खो हसली. बाबाही हसले म्हणे. ते हसले, हे मला आजही सहन होत नाही.

वरच्या साहेबांकडे दाद मागा, नियम तुमच्या बाजूनं आहे, म्हणून मी बाबांच्या हातापाया पडले.

"मिळालं म्हणून देवासमोर सांगून बसलोय," ते म्हणाले. "आता मिळालं नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

आई दारातच उभी होती. ती आत गेली.

कॉलेज सुरू झालं, माझ्याबरोबरच्या दोघी आमच्याच दारावरून जायला लागल्या. मी तांदूळ निवडत बसायचे. राग यायला हवा होता तो साहेबांचा. आला बाबांचा, आणि ते गेले तरी तो गेलेला नाही.