मजलिसमधलं एकमत

"मुश्किल मफी," हाजीसाहेब म्हणाले, आणि मजलिसमध्ये बसलेल्या सगळ्या व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. मफी म्हणजे नाही. काही अडचण नाही, असा अर्थ. सर्व्हेत सगळ्यांचं एकमत झालं की मला संशय येतो.

नव्वदच्या दशकात मी बहारीनला मार्केट रिसर्चमध्ये होतो. लोकांची मतं गोळा करून क्लायंटला विकायची, हा आमचा धंदा. हा क्लायंट सित्रामधल्या पाण्याच्या टाक्यांच्या फॅक्टरीचा मालक. सगळे त्याला अरबाब म्हणत. फॅक्टरी मुख्यतः आखाती मालकीची असेल, तर तिचा माल शेजारच्या आखाती देशांत ड्यूटीशिवाय जाई. अरबाबला परदेशी पार्टनर मिळत होता, पण त्या पार्टनरला निम्म्याहून मोठा हिस्सा हवा होता. म्हणजे सवलतीतून बाहेर पडायचं. मग सौदीला जाणाऱ्या पुलावर टाक्यांना ड्यूटी, वर तपासणीची रांग. टाक्या तिकडे नेऊन विकणाऱ्यांना हे चालेल का, एवढंच विचारायचं होतं. अरबाबने त्या सगळ्यांना प्रेमाने स्वतःच्याच मजलिसमध्ये, म्हणजे घरच्या बैठकीत, बोलावलं आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाजला.

आमचे मॅनेजर खूश झाले. "हंड्रेड पर्सेंट! रिपोर्ट टाइप कर."

"सर, हे मत नाही, पाहुणचार आहे."

"क्लायंट खूश आहे ना?"

"आज आहे."

माझा शेजारी मेश्राम, नागपूरचा, त्याच फॅक्टरीत टेक्निशियन. व्यापारी फिरले तर फॅक्टरीला टाळं आणि त्याचा व्हिसा खलास. त्याची मुलगी इथल्याच शाळेत होती. तो म्हणाला, "भाऊ, अरबाब समोर बसून असन तं नाही कोन म्हनन? आमच्या मीटिंगमंदीबी सगळ्यायनं हो म्हनलं. मीबी म्हनलं."

मला मॅनेजरचा राग आला होता. तो गिळून मी एकेका व्यापाऱ्याच्या दुकानात एकटा गेलो. सुरुवात हाजीसाहेबांपासून. वयाने ते सर्वांत मोठे, त्यामुळे मजलिसमध्ये पहिला शब्द त्यांचा.

त्यांनी दार लावून घेतलं. "पुल पे ड्यूटी लगेगा, तो मैं उधर सौदी में दम्माम का टंकी लेगा. खलास."

"पर आपने तो मुश्किल मफी बोला था."

"उसके घर में बैठ के, उसका गहवा पी के, मुश्किल बोलेगा? शरम की बात है!"

बाकीच्यांचंही तेच. मजलिसमध्ये मान का डोलावलीत असं विचारलं, तर म्हणे हाजीसाहेब आधी बोलून गेले होते.

मी नवा रिपोर्ट दिला. वाचून अरबाबचा चेहरा उतरला.

"हे कोण म्हणालं?"

"नावं सांगायची नाहीत, असा आमचा नियम आहे."

"हाजीसाहेबसुद्धा?"

"नियम त्यांनाही लागू आहे."

त्याने पार्टनरला नकार कळवला. फॅक्टरी होती तशी राहिली. मेश्रामवहिनींनी डबाभर कोथिंबिरीची सांबारवडी पाठवली. इतकं बरं वाटलं की मी ती उभ्या उभ्या संपवली.

निर्णय सांगायला अरबाबने सगळ्यांना पुन्हा मजलिसमध्ये बोलावलं. बरोबर केलं ना, असं विचारलं.

"मुश्किल मफी," हाजीसाहेब म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

या धंद्यात मी एक गोष्ट शिकलो. ज्याच्या घरचं प्यायलो, त्याच्याबद्दलचं मत त्याच्या घरात देता येत नाही.

मग अरबाब माझ्याकडे वळला. "आमचा पहिला सर्व्हे कसा काय फसला? मजलिसमध्ये बोलावलं हे चुकलं का?"

माझ्या हातात त्याच्याच गहव्याचा कप होता.

"नाही, नाही," मी म्हणालो. "मुश्किल मफी."