चार मागांची पंचवार्षिक योजना

पुढच्या पाच वर्षांत काय होणार हे पक्कं ठाऊक असलेला आणि आज दुपारी काय होणार याचा पत्ता नसलेला माणूस सोलापुरात एकच झाला. तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, नवरा. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे चार यंत्रमाग होते आणि चारही मागांवर चादरी निघत. एकोणीसशे सत्तरच्या आसपास ते लघुउद्योजकांच्या तीन दिवसांच्या वर्गाला जाऊन आले आणि साधं काही करणं त्यांनी सोडलं. दिल्लीला पंचवार्षिक योजना जमते, मग चार मागांना का जमू नये, असं ते विचारत. मी शाळेत ग्रंथपाल, अक्षर बरं. म्हणून योजना लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या कच्च्या कागदावर तांबड्या पेन्सिलीचा बाण ‘बाजारा’तून निघे, ‘माला’कडे जाई, तिथून ‘धोरणा’कडे आणि धोरणातून पुन्हा बाजाराकडे. बाण फिरून तिथंच आला, असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी कौतुकाने पाहिलं. “तुम्हाला आता कळायला लागलं बघा.” मला काहीच कळलं नव्हतं.

घरातही तेच. मोडनिंबच्या एका लग्नासाठी त्यांनी तीन मार्ग आखले, प्रत्येकाला एक पर्यायी मार्ग जोडला, आणि आम्ही पोचलो तेव्हा मांडवाचे खांब निघत होते. परतीचा प्रवास मात्र ठरल्याप्रमाणे झाला, हे ते पुढे वर्षभर सांगत होते.

योजनेचा गाभा एवढाच, की चादरीचा उठाव घटतोय, तर टॉवेलकडे वळायचं. तीन मागांवर टॉवेल आले. ते दोन तरुण कारागीर सांभाळत. चौथ्यावर तात्या चादर विणत. ते दाजींच्या वडिलांच्या हातमागापासूनचे. चौथा मागही टॉवेलचा झाला, तर तो त्या दोघांतच भागला असता आणि साठीच्या तात्यांना घरी बसावं लागलं असतं. दुसरीकडे त्यांना कोण घेणार? दरवर्षी दाजी चौथ्या मागापुढे एकच वाक्य लिहायला सांगत: ‘बीम संपल्यावर टॉवेल.’ बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला मागामागचा रूळ. तो काही आठवड्यांत संपतो, इतपत मलाही माहीत होतं. वर्ष उलटे, तात्या चादरच विणत असत. मी विचारलं की दाजी म्हणत, “संपू दे की आधी.”

योजनेच्या चौथ्या वर्षी दाजी अचानक गेले. तेराव्यानंतर आक्काने कागद माझ्यापुढे ठेवले. तूच लिहिलंयस, आता काय करायचं ते तूच सांग, म्हणाली. मी तीनदा वाचलं. बाण फिरत राहिले. तात्या दारातच उभे होते.

“मालकांनी माझं काय लिवलंय, सर?”

मी वाचून दाखवलं.

“पर बीम संपतो कुटं? जुनं सूत सरत आलं की नव्या बीमचा एकेक धागा त्याला गाठ मारून जोडतो की आमी. मालक सोता बसायचे गाठी मारायला, माझ्याशेजारी.”

हे दाजींच्या ध्यानात आलं नसेल, की त्यांनी हेच योजलं होतं? मी आक्काकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

“उद्यापासून माग चालू करा, तात्या,” ती म्हणाली.

ते गेल्यावर मी कागद पुन्हा उघडले. पाचव्या वर्षाचा रकाना कोरा होता. मला आजही नीटसं उमगलेलं नाही. पण मी पेन काढलं आणि चौथ्या मागापुढे तेच वाक्य लिहिलं.