झिपरूआबा आणि आखाजीची फांदी

झाड तोडायला आलेला माणूस आधी झाड बघेल, अशी माझी साधी समजूत. झिपरूआबा मात्र अंगणात आले, चपला काढल्या आणि निंबाकडे पाठ करून मला म्हणाले, "आठे कोन कोन ऱ्हातस? नावं सांगा." मी शाळेतली बाई. हजेरी घ्यायची सवय, द्यायची नाही. जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, "झाड तिकडे आहे, आबा."

"झाड मंग देखू, ताई. पहिले मानसे सांगा."

सांगण्यासारखी दोनच माणसं होती, मी आणि माझी आई. तिला सगळी गल्ली अक्का म्हणते, मीसुद्धा. अक्काचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. ती मागच्या खोलीत खाटेवर, आणि निंबाची सगळ्यात जाड फांदी बरोबर त्या खोलीवर आलेली. आदल्या आठवड्याच्या वादळात बेचक्यात फट पडली होती. तेव्हापासून पान हललं तरी मी उठून वर बघायचे.

आबा साक्रीच्या पलीकडच्या एका गावचे. साठी उलटलेली, अंगावर मांस नावाला, भर उन्हाळ्यातही डोक्याला मफलर. धुळ्यात कुणाचं झाड घराकडे कललं की त्यांना फोन जायचा. पालिकेची परवानगी हातात आल्यावर मीही केला. त्यांनी कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंधा ठोकत एक फेरी मारली. एका जागी आवाज बद्द आला, तिथे ते थांबले. मग वर बघून म्हणाले, "हाई एकच फांदी कसाले ठेवेल शे?"

खरं ते सांगितलं. रस्त्याकडच्या फांद्या तारांना लागतात म्हणून दरवर्षी छाटत आलो. ही मात्र आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्याची. माझ्या बहिणी माहेरी आल्या की हिलाच झोका बांधायच्या, नंतर त्यांच्या मुलीही. तिला कोयता लावू म्हणायची कुणाची छाती नव्हती, अक्कानं घर डोक्यावर घेतलं असतं.

"झोकाना लाडमा झाडनी कंबर मोडी गयी," आबा म्हणाले. एका बाजूनं झाड हलकं करत गेलो आणि सगळा भार घरावर आणला, तोही हौसेनं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कामाच्या दिवशी सकाळी आबांनी फट पुन्हा पाहिली. पहिल्या भेटीत एक बोट मावत होतं, आता दोन मावत होती. दुपारून वारा सुटणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. "घर खाली करा," ते म्हणाले. अक्कानं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मी आठेच ऱ्हासू. मनं झाड मना आंगवर कसाले पडी?"

"झाडले आपला-परका समजत नही, अक्का. त्याले फक्त वजन समजस."

अक्का ढिम्म. मी रागावले, विनवण्या केल्या, शेवटी रडकुंडीला आले. आबांनी आवाज चढवला नाही. ते उंबऱ्यापाशी खाली बसले. "मंग मी बी बठस. तुमी उठशात तवय चढसू." मग त्यांनी आपणहून सांगितलं, "एक गावमा घरधनी बोलना, घर खाली शे. मी इस्वास ठेवा. आत डोकरी झोपेल व्हती. वाचनी ती, पन तिना पाय गया. तवयपशी कोनी कितीबी सांगो, मी सोता देखस."

अक्कानं हळूच मान वळवली. "तुमना घरमा कोन कोन शे?"

"बायको शे. एक नातीन शे."

"मंग बठी काय ऱ्हायनात? वारा येवाना पहिले चढा," अक्का म्हणाली, आणि आम्हा सगळ्यांना, "उचला मले."

आबा, त्यांचे दोन पुतणे आणि मी अशा चौघांनी खाटेसकट तिला समोरच्या घराच्या ओट्यावर नेलं. आबा एकटेच आमच्या घरात शिरले, मोरीपर्यंत सगळं पाहून आले आणि मग चढले. फांदी करवतीच्या मशीननं शेंड्याकडून तुकड्यातुकड्यानं कापायची, प्रत्येक तुकडा आधी दोराला बांधायचा, खाली दोन्ही पुतणे दोर धरून. निम्मं काम झालं असेल, आणि वारा आलाच. बेचक्यातून कड्‌कन आवाज झाला आणि उरलेली फांदी हातभर खाली बसली, आबांसकट.

वरून अगदी हळू आवाज आला, "दोर सोडू नका. बोलू बी नका."

त्यांनी मशीन बंद केलं, कारण त्याच्या थरथरण्यानं फट वाढली असती. कमरेची करवत काढली आणि हातानं कापायला लागले. चार वेळा करवत ओढायची, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा चार वेळा. गल्लीत कुणी स्कूटर चालू करेना. शेवटचा तुकडा खोलीच्या स्लॅबवरून वीतभर अंतरानं सरकत अंगणात उतरला.

आबा उतरले आणि ओट्यावर टेकले. अक्का त्यांना म्हणाली, "काईच तं व्हयनं नही. उगाच मले उठाडं."

"हा ना अक्का. काईच व्हयनं नही."

त्यांनी चहाचा कप उचलला आणि निम्मा चहा धोतरावर सांडला. दोन्ही हातांनी धरला, तरी सांडतच राहिला. अक्कानं ते पाहिलं. पडल्या पडल्या हात लांब करून तिनं कप त्यांच्याकडून घेतला, बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि बशी त्यांच्या ओठांशी धरली. परक्या पुरुषापुढे जन्मभर पदर सावरणारी माझी आई. आबा निमूटपणे प्याले.

पुढच्या दोन दिवसांत त्यांनी बुंधाही उतरवला. नंतर अक्का अधूनमधून विचारायची, "झिपरूभाऊ आजूनबी चढतस का?" मी फोन करून खात्री करायचे. चढत असत. वारा सुटला की अक्काची ही चौकशी हटकून यायची.

यंदा माझ्या फोनला पुतण्यानं उत्तर दिलं. मी अक्काच्या खाटेवर बसले आणि तिला सांगितलं, आबा गेले.

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "झाडवरतीन पडीसन तं नही ना?"

"नाही, अक्का. तापानं. घरी, खाटेवर. बायको आणि नात जवळ होत्या."

"बरं व्हयनं," अक्का म्हणाली, आणि पदर तोंडात धरून रडायला लागली.