मुकं इंजिन विकणारा

चालू इंजिनावर तो चहाची भरलेली कपबशी ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला विचारायचा, "सांडला काय भाऊ, एक तरी थेंब?"

थेंब सांडायचा नाही. इंजिनही खपायचं नाही.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. मलकापूरच्या ज्या दुकानात मी कामाला होतो, तिथे विहिरीवर बसवायची दोन कंपन्यांची डिझेल इंजिनं मिळत. हिरवं महाग आणि धकधक करून शिवार डोक्यावर घेणारं. लाल स्वस्त, डिझेल कमी पिणारं, आवाज जेमतेम. हा कपबशीवाला लाल कंपनीचा माणूस. लोक लालची किंमत विचारत, मान डोलवत आणि हिरवं गाडीत घालून नेत. अशी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. मी त्यांना खुशाल बिनडोक म्हणायचो. तो मात्र कुणाला नावं ठेवत नसे.

होळीपर्यंत एक तरी इंजिन विका, नाहीतर घरी बसा, असं कंपनीचं पत्र आलं. त्याच्या तीन लेकी शाळेत होत्या. मग त्याने धामणगाव बढ्याच्या एका मिरचीवाल्या बापूंना गळ घातली, आठ दिवस वापरून तर पाहा. इंजिन बसवायला मीही गेलो आणि त्याच्याबरोबर तिथेच राहिलो.

चार दिवस झकास गेले. बापूंनी लाल घ्यायचं कबूल केलं. पाचव्या दिवशी आम्ही गावात त्यांच्या ओट्यावर गप्पा मारत बसलो होतो. शेतात गेलो तर इंजिन केव्हाचंच बंद, पाट कोरडा, गडी लिंबाखाली घोरतोय आणि मिरचीच्या रोपांनी माना टाकलेल्या. डिझेलच्या नळीत कचरा अडकला होता.

बापू समजूतदार. म्हणाले, "कचरा त हिरव्यातही अडकते. माह्यं ठरलं हाय."

हा बराच वेळ रोपांजवळ उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, "नका घेऊ, बापू. हिरवं बंद पडलं त तुमाले घरी बसल्या कळते. हे मेलं तरी कळणार नाही."

हातातोंडाशी आलेला घास त्याने घालवला. मी भयंकर चिडलो. परतताना विचारलं, असं काऊन बोलले? तो एवढंच म्हणाला, "रोपं पाह्यली ना तुम्ही?"

होळीनंतर तो दुकानात आला नाही. कुठे गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या महिन्यात बापू हिरवं घ्यायला आले आणि आधी त्याचीच चौकशी केली. कंपनीने काढलं, मी सांगितलं. मालक हिरव्याचे गुण सांगू लागले, तसं बापूंनी त्यांना थांबवलं.

"ते सारं ठीक हाय. पण याच्यात खोट काय, ते आता कोण सांगीन?"