दोन बरण्यांची एक चटणी

मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत प्रकाशाने अणू बांधते. म्हणजे दोन अणू दोन वेगळ्या पेट्यांत असतात, एकमेकांचं तोंडही न बघता. लेसरने डिवचलं की दोघेही प्रकाशाचा एकेक कण सोडतात. ते कण मध्ये येऊन मिसळतात. कुठला कण कुणाचा हे कुणालाच ओळखता आलं नाही, तरच त्या दूरच्या अणूंची गाठ बसते. क्वांटम संगणकाला अशाच गाठी लागतात. ओळखता आलं, की सगळी मेहनत पाण्यात.

माझ्या साखरपुड्यासाठी कोल्हापूरला आले, तर घरात अबोला. आई आणि शेजारच्याच दारात राहणारी काकू, सख्ख्या जावा, उन्हाळ्यात चटणी करताना मीठ कमी की जास्त यावरून भांडल्या होत्या. वर्षाची चटणी, म्हणजे आमचा कांदा-लसूण मसाला, यंदा पहिल्यांदाच वेगवेगळी झाली. काकू साखरपुड्याला येणार नाही म्हणून बसलेली. मला लहानाची मोठी केली ती अर्धी तिनेच. तिच्याशिवाय पाटावर बसायचं या विचारानंच मला रडू येत होतं.

पण माझ्या अंगात रडण्यापेक्षा उचापती जास्त. पुण्याला न्यायला दोघींनी आपापली बरणी भरून दिली होती. मी दोन्ही बरण्या परातीत ओतल्या, कालवल्या आणि त्याच चटणीचा रस्सा केला. एक वाटी आईपुढे ठेवली. "ओळख, कुणाची चटणी?"

आईनं भुरका मारला. "माझीच हाय की. इचारतीस काय?"

दुसरी वाटी काकूला नेली. तिनं सावकाश संपवली. "माझी हाय म्हणून सांग जा तुझ्या आईला."

मी सांगितलं. चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं.

आई पदर खोचून तडक काकूच्या दारात. "माझी चटणी आपली म्हणून सांगतीस व्हय गं?" मग जी जुंपली, ती गल्लीनं ऐकली. पण बोलत होत्या! शेवटी शेवटी तर साखरपुड्याचा रस्सा कुणी करायचा यावर भांडण आलं होतं.

आई गेल्यावर मी काकूला माझा पराक्रम ऐकवला. दोन्ही चटण्या मिसळल्या होत्या, कुणाची ते कळणं शक्यच नव्हतं.

"पयल्या घासालाच कळलं," काकू म्हणाली. "दोघींची हाय. मीठ बरोबर लागलं की."

"मग माझी का म्हणालीस?"

"न्हायतर ती माझ्या दारात आली असती व्हय?"