तीन उन्हाळे उन्हात टांगलेलं खोगीर

थकलेल्या माणसाला फुकट मिळालेली वस्तू नाकारता येते का? खरं सांगा. पोट भरलेलं असताना तत्त्वं कुणालाही सुचतात, मलाही सुचतात. मी विचारतोय ते सोळा तासांची दुहेरी पाळी करून आलेल्या, बूट काढायचंही त्राण न उरलेल्या माणसाबद्दल.

डार्ला विटमर त्या शनिवारी सकाळी तशीच आली होती. आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या वृद्धाश्रमात ती एकोणीस वर्षं म्हाताऱ्यांना उठवते, बसवते, पुसते, भरवते. वय छप्पन्न. उजवा गुडघा कामातून गेलेला. नवरा मर्ल होता तोवर दोघं दर हंगामात धनुष्याने दोन हरणं मारून आणत आणि ते मांस वसंतापर्यंत पुरे. मर्ल गेला. ज्या शेताच्या कडेला त्याचं लोखंडी मचाण होतं ते शेत शहरातल्या कुणीतरी घेतलं आणि झाडाझाडावर 'प्रवेश बंद'च्या पाट्या ठोकल्या. उरलं सरकारी जंगल. तिथं मैलभर चढ चालायचा, आणि सामान आपल्याच पाठीवर. लोखंडी मचाण त्या गुडघ्याला झेपणार नव्हतं. म्हणून तिला खोगीर हवं होतं.

झाडावरचं खोगीर म्हणजे बुडाखाली घ्यायचा रुंद पट्टा. त्याच्या दोन्ही बाजूंना शिवलेल्या फाशांतून दोर घ्यायचा, तो झाडाला अडकवायचा, बुंध्याला पाय टेकून मागे रेलायचं आणि वाट बघत बसायचं. सगळं एका पिशवीत मावतं. फक्त नावाजलेल्या खोगिराची किंमत ऐकली की माणूस झाडावर चढण्याआधीच खाली पडतो.

"नाहीच जमलं तर चर्चमधून घे की मांस," शेजारी म्हणून मी तिला म्हटलं होतं. शिकारी लोक जास्तीचं हरीण तिथं देतात, ते गरजूंना वाटतात.

"ते वाटायला टेबलामागं कोण उभं असतं, कर्टिस? मीच ना? आता टेबलाच्या पुढं येऊन उभी राहू? त्यापेक्षा हिवाळाभर उकडलेला घेवडा खाईन."

हंगाम दहा दिवसांवर आला होता. आणि त्या शनिवारी मर्लच्या धाकट्या भावाने, वेंडेलने, तिला आपल्या गोठ्यावर बोलावलं. मी गाडी चालवत होतो, कारण ती स्टिअरिंगवरच झोपली असती.

"वहिनी, दुकानात कशाला जाता? मी काय मेलोय?" असं म्हणत वेंडेलने गोठ्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीवरून एक खोगीर उतरवलं. "मी यंदा नवीन घेतलं. हे तुमचं. आणि बघा, तीन उन्हाळे बाहेर टांगलंय. ऊन, पाऊस, वारा! माणसाचा वास म्हणून शिल्लक नाही. हरीण जवळ येऊन चाटेल."

आमच्याकडचे पुरुष बायकोसाठी आंघोळ करत नाहीत, हरणासाठी करतात. कपडे बिनवासाच्या साबणात धुतात, आठवडा आठवडा दोरीवर ठेवतात. कपड्याला ते चालतं. पण ज्या पट्ट्यावर जीव टांगायचा त्याला ऊन आतून खातं. मी खोगीर हातात घेतलं. कधीकाळी हिरवं असावं, आता पातळ ताकाचा रंग. शिवणीवर नख घासलं तर पांढरी भुकटी निघाली. लेबल होतं, पण कोरं.

"हे मेलंय," मी म्हटलं.

"आले बिनसनदेचे वकील!" वेंडेल म्हणाला. "आरागिरणीत चार नियमांची पुस्तकं वाचली, मालकाला दोन नोटिसा धाडल्या, आता माझ्या गोठ्यात कायदा शिकवणार."

"पुस्तकं मी वाचली नसती तर गिरणीत अजून कुजक्या पट्ट्यांवर माणसं चढवली असती."

"कुजलंय म्हणतोस? थांब."

त्याने दोर वाशाला बांधला, खोगीर चढवलं आणि जमिनीपासून वीतभर वर लटकला. उड्या मारल्या. वेंडेल काही हलका माणूस नाही. वासा करकरला, खोगीर गप्प.

"बघ. तुटलं?"

"आज नाही तुटलं."

"मग कधी तुटणार? मुहूर्त काढून ठेवलायस?"

सगळं ठाऊक असून समोर दाखवायला काहीच नव्हतं, म्हणून टाळकं आणखी तापलं. डार्ला उपड्या बादलीवर बसली होती, डोळे मिटून.

"द्या भावजी इकडं," ती म्हणाली. "माझ्यात भांडायचं बळ नाही. घेते मी हे."

"मग मर जाऊन!" मी ओरडलो.

ओरडल्यावर लाज वाटली. तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. दिवसभर म्हातारे तिला याहून वाईट बोलतात. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"ताई, तुमच्या वृद्धाश्रमातल्या त्या हेझेलआजीला पलंगावरून उचलताना यंत्राला झोळी लावतेस ना?"

"हं."

"त्या झोळीचं लेबल असं कोरं असलं तर?"

"तर ती झोळी बाद."

"फाटलेली नसली तरी?"

"तरी. फाटल्यावर कळून काय उपयोग? म्हातारी खाली असते तोवर."

आणि मग तिने डोळे उघडले. त्या पट्ट्याकडे बघितलं.

"वहिनी, ती बाई चौऱ्याण्णव वर्षांची," वेंडेल म्हणाला. "तिची हाडं काचेची. तिची गोष्ट वेगळी."

"आणि मी कशाची आहे, भावजी?"

ती उठली. गुडघा मोडल्यासारखा वाजला. वेंडेलने सोडून ठेवलेलं खोगीर घेऊन ती दारातल्या उजेडात गेली आणि कामावर करते तसं टाका टाका बघू लागली. तिची बोटं आपणहून चालत होती. उजव्या बाजूच्या फाशाशी थांबली. फासा उलटा केला. एरवी दोराखाली झाकलेल्या जागी पट्टा गर्द हिरवा होता, आणि त्याच्या शेजारी अर्ध्या इंचावर टाक्यांची निव्वळ लव.

"कात्री आहे?"

वेंडेलने पत्रा कापायची कात्री दिली. कशाला, हे त्याला कळलं नव्हतं. तिने दोन्ही फासे कापले. कचकन नाही, भिजलेला पुठ्ठा कापावा तसे ते गेले.

"अहो वहिनी! नको होतं तर मी दुसऱ्या कुणाला दिलं असतं!"

"म्हणूनच कापलं," ती म्हणाली. "आमच्याकडे बाद झोळी नुसती टाकली, तर कुणीतरी कचऱ्यातून काढून परत लावतं."

वेंडेलने कापलेला फासा उचलला, नखाने घासला. भुकटी पडली. त्याचा चेहरा उतरला. गेल्या मोसमात तो याच पट्ट्यावर वीस फुटांवर बसला होता. त्याने वाईट मनाने काही दिलं नव्हतं. हे मला तेव्हा म्हणता आलं असतं, मी म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही एका छोट्या दुकानात गेलो. तिथे खांबाला टांगून बघू देतात. सगळ्यात स्वस्त खोगिरावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, वजनाचा आकडा नव्हता. ते मी हातातही घेऊ दिलं नाही. नावाजलेल्याला सहा खिसे आणि गादी. डार्ला त्यात लटकली, म्हणाली, "मला खिसे नकोत, बूड टेकायला जागा हवी." तिसरं मागच्या वर्षीचं, साधं, जाळीच्या कापडाचं. शिवलेलं लेबल, त्यावर भार आणि तारीख. ती त्यात रेलली. दुकानदार खिशांचे फायदे सांगत राहिला. दोन मिनिटांनी तिचं उत्तर येईना म्हणून बघितलं, तर बाई झोपलेली. मी दुकानदाराला हाताने गप्प केलं. जागी झाल्यावर तिने तेच घेतलं, सोबत नवा दोर. बाकी सामान मर्लचं होतं तेच.

पहिल्या दिवशी ती रिकाम्या हाताने आली. "झोपले रे. उठले तर झाडाखालच्या चिखलात खुरांचे ठसे." दुसऱ्या रविवारी एक मादी मिळाली, लहानशी. मैलभर उतारावरून ती वेंडेलने ओढत आणली. हिवाळा निम्मा तरी निघेल.

आता तुम्हाला सांगतो. तुमच्या घरात कुणी झाडावर, खांबावर, इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर चढत असेल, तर त्याचा पट्टा आज उजेडात धरा. टाके बघा, लेबल वाचा. वाचता येत नसेल तर तो कुणाला देऊ नका, कचऱ्यातही अख्खा टाकू नका. आधी कापा.